पाटावर नसलेलं विमान

तिसगाव, खंडेनवमी, १९७२

"कुसुम, बघशील, हे विमान एक दिवस आपल्या माळावर उतरेल." दादाचं तरुणपणीचं हे वाक्य आज पाठ सोडत नाही. धावपट्टीशिवाय कुठेही उतरणारं प्रवासी विमान त्यानं आखलं. तो नोकरीला होता त्या विमान कारखान्यानं एकच बनवलं. उडालं छान, पण विकत कुणीच घेतलं नाही. दादाकडे उरला हातभर लांबीचा सागवानी नमुना. दर खंडेनवमीला तो अवजारांच्या पूजेत असायचा. पंखावर कुंकवाचं बोट.

आज पाटावर फाळ, विळे, माझं पेन. विमान नाही.

वहिनी कुजबुजली, "वन्सं, उद्या चुलीत घालायचं म्हणत्यात. तुमी तरी बोला."

दादानं ते ऐकलंच. तो हसला. "दुष्काळात तेवढंच सरपण! जे कधी कामालाच आलं नाही, त्याला कसली पूजा?"

मी नुसतीच पूजेचं ताट आवरत राहिले. का? पंखावरचं ते जुनं कुंकू डोळ्यांपुढून हलत नाही.

चूल पेटायच्या आत बोलायला हवं. नाहीच म्हणेल तो. तरीही... दादा, माझंही पुस्तक कुणी घेतलं नाही, तरी माझ्या पेनाला आज तूच कुंकू लावलंस ना? मग ते विमान मला दे.