रेषेवर आहे ना मी?

प्रिय गॅरेट,

पत्र बघून हसशील. घरात फोन असताना बाबांना हे काय सुचलं, म्हणून तुझ्या खोलीत राहणाऱ्या केलनला दाखवशीलही. हसून घे, पण मग सवडीने बसून वाच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि अर्धवट बोलणं मला जमत नाही.

इकडची खबर अशी की होल्टांच्या कुरणातली पवनचक्की मी अखेर उघडली. म्हातारा होल्ट खालून ओरडत होता, "फिरतेय ना ती, मग कशाला वर चढतोस?" फिरत होतीच. पण तिचा आवाज मला आवडला नव्हता. वर जाऊन पेटी उघडली तर आतलं तेल डांबरासारखं झालेलं आणि दाते झिजून सुरीच्या धारेवर आलेले. हे काम मला कुणी शिकवलं नाही, तुला ठाऊक आहे. कान लावून शिकलो.

धान्याच्या कोठारापाशी सकाळच्या कॉफीला तुझ्याशिवाय विषय नाही. ड्वेन तर मला बसूच देत नाही. "लेलंड, पोरगा रविवारी खेळायला लागला की आम्हाला ओळख दाखवशील ना?" शनिवारी कॉलेजवाले खेळतात आणि रविवारी व्यावसायिक, हे आपल्या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. या शनिवारी रविवारवाल्यांची माणसं तुला बघायला येणार, ही गोष्ट तुझ्या आईने चर्चमध्ये फक्त एकीला सांगितली होती. म्हणजे सगळ्यांना सांगितली.

मी त्यांना तुझी सगळी वाटचाल ऐकवतो. आपल्या शाळेत अकरा पोरं जमत नव्हती म्हणून तू आठ जणांचं फुटबॉल खेळून वाढलास. कॉलेजने तुला बोलावलं नव्हतं, शिष्यवृत्तीही नव्हती. तू आपल्या पायांनी गेलास आणि सरावात दुसऱ्यांचे धक्के खायला उभा राहिलास. पहिलं वर्षभर तुझ्याकडे कुणी चेंडू फेकला नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. तिसऱ्या वर्षी, त्या गारांच्या दिवशी, तू कोपऱ्यात हवेत आडवा होऊन तो झेल घेतलास आणि पायांचे दोन्ही पंजे मैदानाच्या रेषेच्या आत टेकवलेस. लोक हात उंचावून नाचत होते. मी तुझे पंजे बघत होतो. ते आत होते.

त्याआधीची फजिती मात्र मी कुणाला सांगत नाही. अकरा जणांच्या खेळातल्या तुझ्या पहिल्याच सामन्यात तू, जिथून खेळी सुरू होते त्या रेषेवर उभं राहायचं सोडून अर्धं पाऊल मागे राहिलास आणि सगळी खेळी बाद झाली. आपल्याकडे पंच म्हणजे तुझे गणिताचे मास्तर, ते डोळेझाक करायचे. तिथे तुझ्या प्रशिक्षकाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, तुमच्या गावात रेषा आखायला चुना मिळत नाही का?" तेव्हापासून तू सवय लावून घेतलीस. खेळी सुरू होण्याआधी कडेच्या पंचाकडे बोट करायचं, रेषेवर आहे ना मी? पंच मान हलवतो, मग तू पुढे बघतोस. सगळेच कडेचे खेळाडू असं विचारतात, पण तुझ्याइतकं नेमाने कुणी नाही. एकदा विचारायचं, उत्तर घ्यायचं, विषय संपला. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता ऑक्टोबरातल्या त्या सामन्याकडे येतो. तू मधून तिरका कापत आलास, चेंडू उंच आला, तू दोन्ही हात वर केलेस आणि त्यांच्या बचावातल्या एकाने हेल्मेट तुझ्या हनुवटीखाली हाणलं. चेंडू तू सोडला नाहीस. उठलास, टाळ्या वाजवल्यास. बाहेर नेऊन तुला तपासलं, तू पास झालास आणि परत आलास. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "लोखंडाचा आहे पोरगा." तुझी आई म्हणाली, "माझा आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही कडेच्या रेषेजवळच बसलो होतो, त्यामुळे जे बघितलं ते नीट बघितलं. तू पंचाकडे बोट केलंस. त्याने मान हलवली. तू पुढे बघितलंस आणि लगेच पुन्हा बोट केलंस. त्याने पुन्हा मान हलवली. मग तिसऱ्यांदा. तो हसला. त्याला वाटलं तू चेष्टा करतोयस. पुढच्या खेळीलाही तेच झालं तेव्हा तो हसला नाही. घरी येऊन मी सामन्याचं चित्रण लावलं आणि जुन्या सामन्यांचंही. जुन्यांत एकदाच.

आईच्या वाढदिवसाला तू आलास. टेबलावर डुकराचं मांस, डंपलिंग आणि आंबट कोबी, सगळं तुझ्या आवडीचं. तू घरातही टोपी डोळ्यांवर ओढून बसलेलास. आईला विचारलंस, "मार्नी कधी येणार?" तुझ्याच ताटात कोबी वाढत असलेली तुझी बहीण म्हणाली, "अरे गाढवा, मग हा चमचा काय भुताच्या हातात आहे?" सगळे हसलो. तूही हसलास. जेवण संपत आलं तेव्हा तू आईला परत विचारलंस, मार्नी कधी येणार. या वेळी मार्नीने तुझा हात धरला, तू सोडवून घेतलास आणि म्हणालास, "काय झालंय काय सगळ्यांना?"

त्यानंतर मला उन्हाळ्यातली तुझी गोष्ट आठवली. दरवर्षी जुलैत खेळाडूंची संगणकावर परीक्षा घेतात, शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या. पुढे डोक्याला मार लागला की तीच पुन्हा घेऊन दोन्ही ताडून बघतात. तू ओसरीवर बसून मला हसत सांगितलंस की जुनी पोरं नव्यांना शिकवतात, जुलैत मुद्दाम चुकायचं. "आधीच मठ्ठ ठरलं, बाबा, की मग नवीन मठ्ठपणा कुणाला दिसतच नाही." ऑक्टोबरात तू का पास झालास, ते मला तुझ्या त्या वाक्यावरून कळलं. तुला विचारलं तर तू म्हणशील झोप कमी झाली. आईला म्हणालासच.

सोमवारी मी मोटार काढली आणि तुमच्या कॉलेजात येऊन गेलो. तुला भेटलो नाही. संघाच्या डॉक्टर प्रूइटबाईंसमोर बसलो आणि पंचाचं, मार्नीचं, जुलैच्या परीक्षेचं, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "शनिवारी कोण येणार आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?" म्हटलं, आहे. हे तुला मिळेपर्यंत त्यांनी तुला बोलावलेलं असेल आणि तुझा गणवेश काढून घेतलेला असेल. माहिती कुणी दिली, ते त्या सांगणार नाहीत. तसा नियम आहे म्हणे. तुझा संशय केलनवर जाईल, कारण तुझ्या खोलीत तोच असतो. त्याच्यावर हात उगारू नकोस, त्याने तोंड उघडलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू आज चिडला असतास आणि उद्या कोण काय बोललं हे तुझ्या लक्षात राहिलं नसतं, म्हणून कागदावर लिहिलं. तुझा शनिवार मी घेतला. कदाचित सगळे रविवारही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. हा कागद मात्र फाडू नकोस. हे कुणी केलं याचा पुन्हा कधी घोळ झाला, तर उघडून खालचं नाव वाच.

तू मान किंवा न मान, तुझाच,
बाबा
(लेलंड वोंद्रा)