डाव्या पायाला काम उरलं नाही

प्रिय मेहुणेबुवा,

उजवा पाय जमिनीवर आणि डावा पाय हवेत, अशा अवस्थेतला हा नमस्कार गोड मानून घ्या. तुमची कंबर आता कशी आहे? दुकानात वाकून चष्म्याच्या काड्यांचे बारीक स्क्रू फिरवताना ती धरते असं तुम्ही मागे म्हणालात, तेव्हापासून मी रोज तिची काळजी करतो (रोज म्हणजे आठवण होईल त्या दिवशी). वहिनींनाही नमस्कार सांगा. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. छप्पर जागेवर आहे आणि दोघंही दोन वेळा जेवतो, तेव्हा क्षेमच म्हणायचं. पत्र पाहून दचकू नका. हे मला फोनवर बोलता येण्यासारखं नाही, कारण आमच्या घरात फोनला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मिळते, आणि त्या खिडकीपाशी तुमची बहीण बसलेली असते.

तर विषय तिचाच आहे. येत्या रविवारी ती तुमच्याकडे येते आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती गाडीने येते आहे, हेही ठाऊक असेल. पण ती गाडी स्वतः चालवत आणि एकटी येते आहे, मला घरी ठेवून, हे तिने सांगितलं आहे का? चार तासांचा रस्ता, मधे डोंगर, आणि घरात एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेला नवरा वर्तमानपत्र वाचत बसलेला. गावात अर्धे लोक मला मास्तर म्हणतात, आणि माझ्या स्वतःच्या घरात मला बाजूच्या सीटवर जागा नाही. त्यातून गाडी ऑटोमॅटिक. तेव्हा थोरला भाऊ या नात्याने तुम्ही तिला एक फोन करून समजवावं, की असली गाडी घेऊन डोंगर चढू नये, निदान जाणत्या माणसाला बरोबर घ्यावं. जाणता माणूस कोण, ते तुम्ही सुचवा. माझं नाव मी कसं सुचवणार?

ही गाडी आमच्या मुलीची. तिची बदली झाली, तिकडे गाडी लागणार नाही म्हणाली, आणि किल्ली आईच्या हातात ठेवून गेली. माझ्या हातात नाही. जाण्याआधी तीन रविवार तिने आईला बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात नेलं (मला सांगितलं की खरेदीला जातो आहोत, दोघी रिकाम्या पिशव्या घेऊन जायच्या आणि रिकाम्याच घेऊन यायच्या, तरी मला संशय आला नाही), आणि चौथ्या आठवड्यात तुमची बहीण लायसन्स घेऊन घरी आली. जेवणाच्या टेबलावर ते मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं होतं. मी मीठ मागितलं तेव्हा मला दिसलं.

आता ऑटोमॅटिकविषयी माझं मत तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल अशा वेळी पुन्हा ऐका. माझ्या जुन्या गाडीत क्लच हळूहळू सोडत आणला की मधे एक जागा येते. तिथे गाडी किंचित थरथरते, पुढचा भाग दोन बोटं वर उचलला जातो, इंजिनाचा आवाज थोडा खाली येतो, आणि गाडी अजून उभीच असते पण निघालेली असते. मेहुणेबुवा, त्या जागेवर मी माझ्या आयुष्याची एकतीस वर्षं काढली. तिथे पोचल्यावर माणसं श्वास धरतात. आमच्याकडचे दातांचे डॉक्टर, जे दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगतात, ते स्वतः तिथे आ वासून बसायचे. एक शिंपीणबाई डोळे मिटून घ्यायच्या. संध्याकाळी उतरतं ऊन काचेवर आलेलं असायचं, रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडलेल्या, आणि गाडी जाऊ का नको विचारत थांबलेली असायची. मी म्हणायचो, घाई नको, जमेल. मग ती निघायची. ऑटोमॅटिक गाडी हे काही विचारत नाही. दांडा डी वर टाकला की ती निघते. तुम्ही तयार आहात की नाही, याची चौकशीसुद्धा करत नाही.

मी ती चालवून पाहिली नाही असं नाही. मुलगी गेल्यावर पहिल्याच दिवशी मी किल्ली मागून घेतली आणि आम्ही रोपं विकत घ्यायला गेलो. येताना तुमची बहीण मागे बसली, मांडीवर रबराच्या झाडाची कुंडी घेऊन. पहिल्या चौकात वेग कमी करताना माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच नव्हता. त्या जागी ब्रेकचं पेडल हातभर रुंद पसरलेलं, आणि क्लच दाबायचा तर पूर्ण दाबायचा हे मीच शिकवत आलेलो. गाडी जागच्या जागी खिळली आणि रबराचं झाड पुढे आलं. दुसऱ्या चौकात कुंडीतली माती माझ्या कॉलरमध्ये गेली. तिसऱ्या चौकात मागच्या पावाच्या गाडीचा चालक खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. हा माझा जुना विद्यार्थी. त्याने आत पाहिलं, माझ्या कानामागून बाहेर आलेलं पान पाहिलं, आणि फार हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, घाई नको, जमेल."  

तेव्हापासून ती चालवते आणि मी बाजूला बसायचो. खरं सांगू का (हे तिला कळवू नका), त्या गाडीत बाजूला बसणं फार सुखाचं आहे. गिअर बदलताना बसतो तो झोका नाही, काही नाही. पलंगावर पडल्या पडल्या कुणी पलंगच पुढे सरकवत न्यावा तसं वाटतं. ती खिडकी अर्धी उघडी ठेवते. काहीतरी गुणगुणते, पण चाल ओळखू येत नाही. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर दुपारची शेतं मागे जात असतात आणि मी तिच्याकडे बघतो, तर ही कुणी वेगळीच बाई दिसते. खांदे सैल, हनुवटी वर. मला वाटतं, हिला मी कुठेतरी पाहिलेलं आहे. मग मला झोप यायला लागते, आणि झोपेतच माझा डावा पाय दाबायला लागतो. वळण आलं की दाब, उतार आला की दाब. दोन महिन्यांत पायाखालच्या चटईला भोक पडलं. तिने एकदा त्या भोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, पाय आवरा. मी पाय मांडीखाली घेऊन बसलो. पण हाताचं काय करणार? पाण्याच्या टाकीच्या चढावर इंजिनाचा आवाज बदलला, माझ्या कानांनी ऐकलं की गाडी दमली, आणि मला काही कळायच्या आत हाताने खालचा गिअर टाकायला दांडा ढकलला. तो न्यूट्रलमध्ये गेला. इंजिन नुसतंच ओरडलं आणि गाडी मागे घसरायला लागली. तिने शांतपणे ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, दांडा परत जागेवर घेतला, आणि मला म्हणाली, "उतरा. घर जवळच आहे."

घर जवळ नव्हतं. मी तासभर चाललो, आणि तेव्हापासून मला त्या गाडीत प्रवेश बंद आहे.

आता दुपारी ती एकटीच फिरायला जाते आणि मी शेडमध्ये माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या जुन्या गाडीत जाऊन बसतो. इंजिन सुरू करत नाही. काच खाली घेतो, क्लच दाबतो, पहिला गिअर टाकतो, मग दुसरा, तिसरा. चौथ्यापर्यंत आलो की शहर मागे पडलेलं असतं. बाजूला ती बसलेली असते आणि आम्ही कुठे चाललो आहोत ते दोघांनाही माहीत नसतं. पूर्वी वळणावर कुणी तिसऱ्याचा दुसरा गिअर कसा टाकला यावरून मला बसल्या जागी कळायचं कोण येतं आहे. हिची गाडी येते ते कळतच नाही. डोळे उघडावेत तर ही शेडच्या दारात उभी, किल्ली बोटात अडकवून, माझ्याकडे बघत. मी चटकन न्यूट्रल करतो.

तेव्हा फोनचं तेवढं मनावर घ्या. कंबरेला शेक देत जा.

तुमचा,
मास्तर

ता. क. ऑटोमॅटिक गाडी डोंगर चढत नाही, असं मी वर सुचवलं आहे. ते खोटं आहे. मी गॅरेजवाल्याला मुद्दाम विचारून आलो. तो म्हणाला, तुमच्या डब्यापेक्षा झकास चढेल. ती चालवतेही उत्तम, तेव्हा त्या बाबतीत तिला काही समजवायला जाऊ नका. फक्त एवढंच म्हणा की येताना मास्तरांनाही आण.

ता. क. दुसरा. इतकं लिहिलंच आहे तर तेही लिहितो ज्यासाठी पत्र काढलं. चोवीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे गाडी शिकली होती, तुम्हाला आठवत असेल. मुलगी तेव्हा रांगत होती. चार महिने रोज संध्याकाळी आम्ही त्या टाकीच्या चढावर जायचो आणि ती इतकी छान चढवायची की मला धन्य वाटायचं. मग लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी त्याच चढावर तिने तीनदा गाडी बंद पाडली आणि आरटीओच्या साहेबांनी नापास केलं. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. मला नाही जमत, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि तुमच्याकडे जेवताना आपण सगळे त्यावर हसायचो. मीही हसायचो. मेहुणेबुवा, शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक क्लच असतो. ते चार महिने क्लच माझा होता. तिला एकही धक्का बसू द्यायला माझा जीव धजत नव्हता, आणि गाडी निघाली की तिचा चेहरा जो व्हायचा तो मला रोज हवा असायचा. म्हणून मी दाबायचो आणि म्हणायचो, बघ, जमलं. परीक्षेला माझ्या जागी साहेब बसले आणि त्यांनी काही दाबलं नाही. नापास मी झालो होतो. हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि मला ते सांगता येत नाही. रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही सांगाल का? मी बरोबर असेन, तर परतीच्या वाटेवर चार तास ती आणि मी एका गाडीत असू आणि मला पळून जायला जागा नसेल. मला तसंच हवं आहे.

ता. क. तिसरा. मी पाकीट शोधायला आत गेलो होतो तेवढ्यात तिने पत्र वाचलं. सगळं वाचलं, चटईचं भोकसुद्धा. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली की दादाला त्रास देऊ नका, मला ते परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं. गाडी बंद पडली तेव्हा तिने साहेबांच्या बुटांकडे पाहिलं आणि ते हलले नाहीत; माझे रोज हलायचे. दोन वर्षं तिने वाट पाहिली की मी सांगेन. मग मुलीची शाळा सुरू झाली आणि ते राहून गेलं. मी विचारलं, कळलं होतं तर मग इतकी वर्षं गाडीला हात का लावला नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत तर दुसऱ्या दिवशी लावला असता."

आम्ही दोघं रविवारी एकच्या सुमाराला पोहोचू. मी मागच्या दारातून उतरेन, कारण मला मागची सीट मिळाली आहे. वहिनींना सांगा, त्याबद्दल काही विचारू नका.