डेस्कटॉप येईपर्यंत

आई, मी तुझ्यावर चिडलोय. तू जाऊन नऊ वर्षं झाली, मेलेल्या माणसावर चिडून काही उपयोग नाही हेही कळतं. पण गेल्या रविवारपासून मी घरात कुणाशी धड बोललेलो नाही, बायको विचारून दमली, म्हणून हे लिहितोय. आम्ही एचएसआर लेआउटमधलं घर सोडतोय. माळा रिकामा करताना तुझा लॅपटॉप सापडला, तुझ्याच सुती साडीच्या तुकड्यात बांधलेला. बॅटरी तर तेव्हाच बाद होती. चार्जर लावला, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर ते पांढरं चक्र फिरायला लागलं. मी उभाच होतो. मग स्टूल ओढून बसलो. कंटाळून पुन्हा बंद केलं, मोबाइलवर घड्याळ लावून परत सुरू केलं. तुझा डेस्कटॉप समोर यायला एक मिनिट बेचाळीस सेकंद लागले.

एवढा वेळ तू बसायचीस, दिवसातून पाच-सहा वेळा. घशाच्या ऑपरेशनमध्ये तुझा आवाज गेला तेव्हा मी ऑफिसातून काढून टाकलेला हा लॅपटॉप घरी आणला. त्यात लिनक्स होतंच, वर टाइप केलेलं मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम मी बसवला. तो पहिल्यांदा बोलला तेव्हा तू पोट धरून हसलीस, आवाज न करता, आणि टाइप केलंस, "हा तर तलाठ्याचा कारकून बोलतोय की रे." पुढे तोच तुझा आवाज झाला. ओट्यावर मिक्सरच्या शेजारी त्याची जागा. काही बोलायचं झालं की बटण दाबायचीस आणि हात मांडीवर ठेवून चक्राकडे बघत राहायचीस. मी एकदा खेकसलो होतो, "सारखं बंद कशाला करतेस? चालूच ठेव ना!" तू पाटीवर लिहिलंस, "तापतंय रे. आणि लाइट गेली की आपोआप बंद पडतंय, मी काय करू?" मी म्हणालो, "बरं, रविवारी बघतो." आणि बघितलं नाही.

माझं काम काय होतं तेव्हा? हेच! बेळ्ळंदूरच्या त्या काचेच्या इमारतीत बसून आमच्या कंपनीच्या लिनक्स मशीनचा डेस्कटॉप लवकर कसा येईल ते बघायचं. त्या वर्षी आम्ही चौदा सेकंदांचे नऊ केले. पाच सेकंदांसाठी टाळ्या वाजल्या, केक कापला, त्याचा तुकडा मी तुझ्यासाठी घरीही आणला. तू तो खाल्लास आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. या गोष्टीची मला इतकी चीड येते की लिहिताना पेन कागदात रुततंय. अगं, तू कोण होतीस! निपाणीच्या शाळेत तीस वर्षं वर्ग गप्प करणारी बाई. कढीपत्ता शिळा निघाला तर जुडी घेऊन तीन जिने उतरून परत करून यायचीस. हेडमास्तरांना तोंडावर "चुकताय तुम्ही" म्हणालीस, ते आख्ख्या गावाला माहीत. मग माझ्यापुढे एकदा ते मशीन आपटलं का नाहीस? पाटीवर मोठ्या अक्षरात 'हे भिकार आहे' असं लिहायला काय झालं होतं तुला?

उत्तर मला त्या लॅपटॉपातच मिळालं. तो प्रोग्रॅम प्रत्येक वाक्य तारीख-वेळेसकट साठवून ठेवत होता, मला ठाऊकच नव्हतं. मी सगळी वाचली. समोरच्या दारातल्या अक्का, त्या इथंच कानडी मुलखात जन्मलेल्या मराठी बाई, दही मागायला आल्या होत्या बहुतेक. त्यांना तू म्हणतेस, "थांबायला लागलं, अक्का. मशीन चांगलं आहे, आमचा मुलगा ह्याच कामात आहे. मीच स्वल्प हळू." मीच हळू! म्हणजे माझ्या नावाला बट्टा नको म्हणून तू शेजारणीशी खोटं बोललीस, आणि तो बट्टा माझाच होता.

आणि मग ती सकाळ. मामा निपाणीच्या दवाखान्यात होता तेव्हाची. तो गेल्यावर मामी दिवसकार्यात मला म्हणाली होती, "आदल्या दिवशी नर्सबाईंचा फोन मागून घेतला त्यांनी. तुझ्या आईशी बोलतो म्हणाले. पण पलीकडनं काही आवाजच येईना. लाइन तुटली असेल, म्हणून ठेवला." मी मान डोलावली होती, पुढे काही विचारलं नाही. त्या तारखेला, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, मामाला, तुझ्या अण्णाला, म्हटलेली तुझी तीन वाक्यं आहेत. "अण्णा, ठेवू नको." "अण्णा, मी इथंच आहे." तिसऱ्यात नुसतं "अण्णा?" एवढंच. तोपर्यंत त्याने ठेवला होता. संध्याकाळी मी घरात शिरलो तेव्हा तू बटण दाबून बसली होतीस, मला काहीतरी सांगायचं होतं तुला. माझ्या कानाला फोन होता. मी हातानेच 'नंतर' म्हटलं. डेस्कटॉप आला तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीचा फोन आला, आणि मग तू ते कधीच सांगितलं नाहीस.

त्या उशिराचं कारण काय होतं, ऐक. कुठल्या कामाने किती वेळ खाल्ला ते दाखवणारी एक आज्ञा असते, आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. ती मी परवा तुझ्या मशीनवर चालवली. तो लॅपटॉप ऑफिसात असताना मी त्यात एक ओळ लिहिली होती, की सुरू होताना आधी ऑफिसची सामायिक डिस्क जोडून घे. घरी कुठली डिस्क? मशीन प्रत्येक वेळी ती पूर्ण दीड मिनिट शोधायचं, सापडली नाही की नाद सोडायचं आणि मग तुला डेस्कटॉप द्यायचं. मी ती एक ओळ पुसली. बारा सेकंद, आई. हे करायला मला पाणी प्यायलाही उठावं लागलं नाही. तू फक्त एकदा चिडली असतीस तर मी त्या मशीनपुढे बसलो असतो. बसलोच असतो असं मी स्वतःला पाच दिवस सांगतोय, आणि दर वेळी मला, 'बघतो' म्हणालो होतो त्या रविवारी आपण कुठे होतो ते आठवतं. कोरमंगलाला सिनेमा बघायला गेलो होतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट लिहून मोकळा होतो. दर वर्षी नव्या मुलांपुढे माझं भाषण असतं. त्याची सुरुवात मी तुझ्यापासून करतो. माझी आई मशीन सुरू करून चहा टाकायची, म्हणतो, आणि चहा पिऊन कप विसळून आली तरी डेस्कटॉप आलेला नसायचा. तू असं कधी केलं नाहीस, तू जागेवरून हलायचीच नाहीस. पण मुलं खूप हसतात. येत्या गुरुवारी पुन्हा भाषण आहे. तो विनोद मी काढून टाकला, असं तुला लिहायचं होतं. अजून काढलेला नाही.