चेकायू: उत्तम पुरुष, एकवचन

ती. गिरीशमामांस,

दोह्याहून अनयचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामींच्या मते तो पाहुणे आले की बरोबर दुखतो. मी तुमच्या बाजूचा.) मी मजेत.

तुम्ही जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलंत आणि भाचा मात्र एका क्रियापदावर सपशेल आपटला, म्हणून हे पत्र. वेस्ट बेमधल्या आमच्या ऑफिसात सोलोमिया नावाची युक्रेनी आर्किटेक्ट आहे. मला ती फार आवडते, हे सरळच लिहितो. परवा धीर करून फोनवर लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "अल वक्रा स्टेशन. चेकायू." आणि फोन बंद. मी ऐकलं 'चेक यू'. आता ड्रॉइंगसुद्धा चेक झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, तिथे मुलाची चौकशी व्हायचीच. मी लगेच बायोडेटा, इंग्रजी अक्षरांत पत्रिका आणि (उत्साहाच्या भरात) रक्ताचा रिपोर्ट पाठवून दिला आणि चहा टाकला. तिकडे ती मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर ताटकळत उभी, कारण 'चेकायू' म्हणजे 'मी वाट पाहते'. मग तिचा मेसेज आला: तुझ्या सातव्या घरात राहणारी ही मंगळ कोण? खाली एकच शब्द, 'चेकाय'. (म्हणजे 'थांब'. रागात म्हटलं तर 'थांब, बघतेच तुला'. अगदी आपल्यासारखं.)

टॅक्सीनं धावलो. ती अजून तिथेच होती. मंगळ हा ग्रह आहे हे पटल्यावर तिनं बाकावर बसवून माझ्याकडून क्रियापद चालवून घेतलं: चेकायू, चेकायेश, चेकाये. मी वाट पाहतो, तू पाहतेस, ती पाहते. मूळ म्हणे जुन्या स्लाव्ह भाषेतलं. 'आशा धरणे' अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं असावं असं काही पंडित म्हणतात, आणि त्या शब्दाची सोयरीक आपल्या संस्कृत 'चाय्' धातूशी जुळवतात. (निरखून पाहणं, चहा नव्हे, हे तुम्हाला काय सांगायचं.) शेवटी ती 'हो' म्हणाली. मला अजून खरं वाटत नाही.

मामींना नमस्कार.

आपला,
अनय

ता.क. आईला यातलं काही ठाऊक नाही. तुमच्या बहिणीला तुम्हीच सांगा. सुरुवात 'मुलगी परदेशी' अशी नको, 'धातू नात्यातला' अशी करा. पत्रिकेचं निघालंच, तर मंगळाची चौकशी मुलीनं आधीच केली आहे.

ता.क. २. युक्रेनीत द्विवचन उरलेलं नाही, दोघं झाले की थेट अनेकवचन. दिवाळीची तिकिटं काढली आहेत, दोन. आईचं उत्तर येईपर्यंत चेकायेमो.