उपाशी गव्हाची लव

३ मार्च
पंधरा तारखेपर्यंत मुदत! एक्केचाळीस नंबरचा गहू ठेवायचा की काढून टाकायचा, सर त्या दिवशी ठरवणार. स्फुरद, म्हणजे फॉस्फरसचं खत, नसलेल्या वाळूत बाकीचे गहू माना टाकतात. याच्या मुळांना मात्र दाट लव फुटते — काचेच्या पेटीतून स्वच्छ दिसते. सर म्हणतात, "लव जन्मजात असेल. भुकेनंच फुटते कशावरून?" कशावरून म्हणजे! तीन वर्षं घातलीत मी यात!

६ मार्च
घात झाला! आत्या डबा द्यायला प्रयोगशाळेत आली, मी फोनवर होते. हिनं शेजारच्या टेबलावरचं खताचं पाणी उचललं आणि एक्केचाळीसच्या पेट्यांना पाजलं! मागची एक तेवढी वाचली — म्हणजे उपाशी राहिली. "किती वाळलीत गं! माझ्याच्यानं बघवेना." जन्मभर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात राबली, मलाही तिनंच वाढवलं. उपाशी जीव दिसला की हिचा हात राहत नाही. मी नाही नाही ते बोलले. ती डबा टेबलावर ठेवून निघून गेली.

७ मार्च
डोकं ठिकाणावर नाही. तिला फोन करायचं धाडस होईना.

१० मार्च
अगं बाई! पेट्या फेकायला गेले आणि बघतच राहिले. मूळ वर केसाळ, खाली तुळतुळीत! खाणं मिळालं तिथून पुढच्या नव्या मुळाला लवच नाही! लगेच उपाशी पेटीतली आणि जेवलेल्यांची टोकं कापून तपासणीला दिली.

१४ मार्च
उपाशी मुळात लव फुटवणारं जनुक टक्क जागं, जेवलेल्यांत ढाराढूर! पोट भरलं की झोप — थेट आमचे सर! तशीच आत्याकडे धावले, गळ्यात पडून माफी मागितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझं बरोबर होतं?"
"चुकलीस गं! पण काय सुंदर चुकलीस!"
हसून हसून पोट दुखलं दोघींचं.

१५ मार्च
सरांसमोर मुळं मांडली. चष्मा वर, चष्मा खाली. "मध्येच जेवू घालायची कल्पना कोणाची?"
"आत्याची."
"कुठल्या विद्यापीठात असतात त्या?"
मला हसू आवरेना.

१६ मार्च
मंजूर! एक्केचाळीस राहणार. पण पुढचे दोन हंगाम त्याची चाचणी दूरच्या निकस जमिनीवर, मी तिथेच राहायचं. आत्यानं आधी डोळे पुसले. मग विचारलं, "खोल्या किती?"
"दोन."
"पुरे," म्हणाली, आणि पलंगाखालची बॅग ओढली.