मेन बंद करून बदललेली बॅटरी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. साष्टांगही घातला असता, पण इथे जमिनीवर सगळीकडे तेल आहे आणि एकदा आडवी झाले की उठवायला कोणी नाही. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला झोप लागते का? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे माणसं ठीक. जे ठीक नाही त्यासाठीच लिहिते आहे, पण आधी तू शांतपणे बस. माझ्याच्याने बसवत नाही. कूलंटचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर टेकले आहे आणि दर चार ओळींनी उठून शेडच्या त्या टोकाला जाऊन येते आहे.

तर, तू नको म्हणालास ते धातू कापायचं मशीन मी घेतलं. (रागाने फोन ठेवता येऊ नये म्हणूनच पत्र.) तेच, तुमच्या कारखान्यातलं, ज्याच्यासमोर तू बावीस वर्षं उभा राहिलास आणि जे कारखाना बंद पडल्यापासून वर्षभर ताडपत्रीखाली पडून होतं. "म्हातारी आहे ती, तुला झेपणार नाही," म्हणून तू फोन आपटलास त्याला आज तीन आठवडे झाले. "इतक्या काळजीनं हे माझ्याबद्दल कधी बोलले नाहीत," असं वहिनीचं म्हणणं.

मशीन आलं तेव्हा दार तीन इंचांनी अरुंद निघालं. दाराचं माप ह्यांनी शिवणाच्या टेपनं घेतलं होतं. (टेप सुरुवातीलाच तीन इंच फाटलेली आहे हे घरात ह्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.) चौकट उखडली, मशीन आत घेतलं, चौकट पुन्हा बसवली, तेव्हापासून दार लागत नाही. मग मेकॅनिक आले. पेचकसाचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून ऐकतात म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. त्यांनी टाकीतलं जुनं कूलंट काढलं तेव्हा जो वास सुटला, त्यानं आमचे हे दोन दिवस गच्चीवर जेवले. पट्टा बदलला, तेलाच्या तुंबलेल्या नळ्या मोकळ्या केल्या, आणि तिसऱ्या दिवशी टेबल डावीकडे सरकलं, उजवीकडे सरकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, अजून काही कापलेलं नाही हो."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पडद्यावर सूचना आली की आतली बॅटरी संपत आली आहे. एवढंसं काम, म्हटलं डॉक्टरांना कशाला त्रास. आता आठव, मी सात वर्षांची असताना मला इस्त्रीचा शॉक बसला आणि तू माझा कान धरून दहा वेळा म्हणवून घेतलंस, की विजेच्या वस्तूला हात लावायचा तर आधी मेन बंद. तेव्हापासून मी टॉर्चचे सेल बदलतानाही मेन शोधते. तसाच मेन बंद केला, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, मेन चालू केला. मशीनला काहीही आठवेना. टेबल कुठवर सरकायचं, किती वेगानं, कुठे थांबायचं, असे चारशेच्या वर आकडे त्या बॅटरीच्या जिवावर टिकून होते. डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, ही बॅटरी मशीन चालू ठेवून बदलायची असते." (उठून पाहून आले. मशीनवर लागलेला लाल दिवा तसाच आहे.) चूक कोणाची यात मी पडत नाही. कान माझा होता आणि हात तुझा, एवढंच म्हणते.

सोमवारी पंपाच्या कारखान्याला सुट्या भागाचे दहा नमुने दाखवायचे आहेत. पसंत पडले तर वर्षभराचं काम. नाहीतर शेडमध्ये टेबल टेनिसचं टेबल टाकायचं ह्यांनी ठरवून टाकलं आहे, जागाही मोजली. (त्याच टेपनं.) तू मशीनच्या नोंदी ठेवायचास त्या निळ्या वहीत ते आकडे असतील. वही तेवढी पाठव. तू स्वतः यायची तसदी घेऊ नकोस, गुडघा सांभाळ.

तुझी धाकटी

ता. क. वही नको. आज सकाळी डॉक्टरांनी वायरिंगच्या कपाटाचं दार आतून पुसलं, तर मळाखाली चिकटवलेले कागद निघाले. सगळे आकडे, तुझ्या अक्षरात. शेवटी लाल शाईनं: बॅटरी बदलताना मशीन चालू ठेवणे. दिवसभर बसून सगळे भरले. दिवा हिरवा झाला. म्हणजे पत्राचं काही कामच उरलं नाही, पण एवढं लिहिलेलं फाडवत नाही.

आणखी एक. पहिला नमुना कापला, तो एका बाजूनं केसभर जास्त निघाला. तुझ्या कागदावर एकाच ठिकाणी, टेबल सरकताना किती ढिलं पडतं त्यासमोर, आकडा नाही, नुसतं लिहिलं आहेस: हिचं ऐकून ठरवणे. डॉक्टरांनी तासभर पेचकस लावून ऐकलं. म्हणाले, मला तर फक्त मोटार ऐकू येते. मला तर तीही नाही.

शेवटचं. चांगला चालणारा मिक्सर तू तिसऱ्यांदा उघडून बसला आहेस, हे वहिनीनं मला सांगितलं आहे. तो तसाच राहू दे. तुझी बॅग तिनं भरली आहे, चष्मा वरच्या कप्प्यात. पत्र घेऊन आलेले हे खाली गाडी चालू ठेवून उभे आहेत. बंद करू नका म्हणून मीच बजावलं आहे. तेवढं मी आता शिकले.