गालावरची घडी

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायचं माझं राहूनच गेलंय. बजाजनगरातल्या माझ्या खोलीत टर्पेंटाइनचा वास भरला की गुलमंडीच्या मागचं तुमचं दुकान आठवतं. आत वारलेल्या माणसांच्या तसबिरी वाळत टेकवलेल्या आणि खिळ्याला एक छापील चित्र, कुण्या जुन्या डच चित्रकारानं काढलेली म्हातारी. कधीतरी चार घड्या घालून ठेवलेला तो कागद. "आधी ही म्हातारी उतरव, मगच दुसऱ्या तोंडाला हात लाव," म्हणालात आणि वर्षभर मला तिच्यापुढं बसवलंत. चौकटी आखायच्या, तपकिरी रंगात नुसता उजेड-अंधार मांडायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पातळ थरांवर थर. तिच्या गालावर एक आडवी रेघ होती. मी ती गाळली तर तुम्ही ब्रशचा दांडा बोटांवर हाणलात. "सुरकुती चुकवायची नाय, पोरी. तिचं सारं आयुष्य हाये तिच्यात." मी ती रेघ सात वेळा काढली.

परवा मोबाइलवर मूळ चित्र मोठं करून बघितलं. गाल साफ आहे, सर. ती आपल्या कागदाची घडी होती! मी एकटीच खो-खो हसले. मग संताप आला, कारण दौलताबादची ती मेंढपाळ बाई आठवली.

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला तसबीर हवी म्हणून ती मतदान कार्डावरचा फोटो घेऊन आलेली. माझं पहिलंच स्वतंत्र काम. उन्हानं रापलेला काळाभोर माणूस, भुवईवर जुनी खोक. मी त्याला होता तसा रंगवला. बाई बघायला आली, पदर तोंडाला लावून म्हणाली, "व्हय, हेच हायेत." ती गेली आणि ओल्या रंगावरच तुम्ही पांढरा घेऊन बसलात. खोक बुजली, गाल उजळला. "भिंतीवर माणूस गोराच लागतो. तुला लई अक्कल आली का?" तसबीर न्यायला बाई परत आली. "साहेबावानी दिसत्यात," एवढंच बोलली. कागदाची घडी जिवापाड जपणारे तुम्ही, तुम्हाला त्या माणसाची खोक जपता आली नाही? मी त्याच दिवशी तुमचं दुकान सोडलं. कृतघ्न म्हणालात, गावभर सांगितलंत. सोडलं ते बरंच केलं, आजही तोंडावर सांगेन.

तेव्हापासून मी कुणाला गोरं केलेलं नाही. गिऱ्हाईक उठून जातं, जाऊ दे. गेल्या महिन्यात तुमच्या घरून काकू आल्या. तुमची तसबीर काढ म्हणाल्या, आणि दबक्या आवाजात, "जरा उजळ कर गं त्यांना." मी सरळ नाही म्हटलं. तुमचा काळा रंग, कानातले केस, पानानं रंगलेले दात, सगळं आहे तसं काढलं. काकूंनी तसबीर मांडीवर घेतली, डोळे पुसले आणि विचारलं, "पण हे असे कधी हसायचे गं?" मी ब्रश धुवायच्या निमित्तानं उठले.

हे पत्र कुठं टाकणार? राहील इथंच, रंगांच्या डब्याखाली. तुमच्यापुढं माझं काम ठेवलंय आणि ते बघून तुम्ही खूश झाला आहात, असं मनात धरून मी तसबिरीतलं ते हसू काढलं. तसे तुम्ही माझ्या कामाकडं बघून एकदाही हसला नव्हतात, सर. तेवढं मी खोटं रंगवलं.